आईच्या दुधातले हार्मोन्स आणि बाळाचं पुढचं वजन, शुगर वगैरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं अंगावर पाजणाऱ्या किंवा लवकरच पाजणार असलेल्या आयांसाठी आहेत, पण बाबांनी आणि आज्यांनी वाचली तर जास्तच बरं, कारण बाळाच्या वजनावरून घरात जे काही बोललं जातं ते शेवटी आईलाच ऐकावं लागतं.

दुधात खरंच हार्मोन्स असतात? कुठले?

असतात, आणि बरेच असतात. लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन, इन्सुलिन, घ्रेलिन, कॉर्टिसॉल, मेलाटोनिन, आयजीएफ-१ (शरीराची वाढ घडवणारं), थोडेफार थायरॉईडचे. यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं म्हणजे लेप्टिन. ते शरीरातल्या चरबीतून तयार होतं आणि मेंदूला सांगतं की साठा पुरेसा आहे, आता खाणं आवरा. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या लॅबमध्ये ते सापडलं आणि पुढच्या ३ वर्षांतच ते आईच्या दुधातही असतं हे दिसलं. काही लेप्टिन आईच्या रक्तातून दुधात उतरतं आणि काही तर स्तनातल्या पेशी स्वतःच बनवतात, म्हणजे हे चुकून गळून आलेलं काहीतरी असेल असं म्हणणं अवघड आहे. ॲडिपोनेक्टिन पण चरबीतूनच येतं, पण त्याचं काम इन्सुलिनला साथ द्यायचं, आणि दुधात ते लेप्टिनपेक्षा कितीतरी जास्त असतं.

पण हे सगळं बाळाच्या पोटात पचून जात नाही का? इन्सुलिन तर गोळीने घेता येत नाही म्हणतात.

चांगला प्रश्न आहे. मोठ्या माणसाच्या पोटात ते पचूनच जातं. नवजात बाळाचं पोट मात्र वेगळं असतं, त्यात ॲसिड कमी, पचनाची एन्झाइम्स अजून पूर्ण तयार नसतात, शिवाय दुधातच असे काही प्रथिनांचे प्रकार असतात जे बाकीच्या प्रथिनांना तुटण्यापासून वाचवतात आणि सुरुवातीच्या दिवसांत आतड्याची भिंतही मोठे रेणू जाऊ देते. उंदरांच्या दूधपित्या पिल्लांना तोंडाने दिलेलं लेप्टिन त्यांच्या रक्तात सापडलंय. आणि सगळ्यांनी रक्तातच पोचायला हवं असंही नाही, आतड्याच्या आतल्या अस्तरावरच इन्सुलिनचे रिसेप्टर, म्हणजे ते ओळखून पकडणाऱ्या जागा, असतात, तिथल्या तिथे पण काम होतं.

चार-सहा महिन्यांत प्यायलेल्या दुधाचा परिणाम मोठेपणी कसा काय होईल?

या सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो, भूक किती लागणार, पोट भरल्याचं कधी कळणार, शरीर किती ऊर्जा खर्च करणार हे तो ठरवतो. यातलं वायरिंग जन्माच्या वेळी पूर्ण झालेलं नसतं. उंदरांमध्ये तर ते मुख्यतः जन्मानंतरच्या २-३ आठवड्यांत होतं, म्हणजे नेमकं पिल्लू दूध पीत असताना, आणि त्याच काळात पिल्लाच्या रक्तात लेप्टिन अचानक वर जातं आणि मग खाली येतं. २००४ मध्ये सेबास्तियन बूरे आणि रिचर्ड सिमर्ली यांच्या टीमने दाखवलं की ज्या उंदरांमध्ये लेप्टिन बनतच नाही त्यांच्यात हे वायरिंग विरळ राहतं. लहानपणी लेप्टिन दिलं की ते भरून निघतं, मोठेपणी दिलं तर तसं भरून निघत नाही. मोठ्या प्राण्यात जो हार्मोन भूक कमी करतो तोच पिल्लामध्ये मेंदूची जोडणी घडवत असतो.

मग स्पेनमध्ये पाल्माला आंद्रेउ पालू आणि कातालिना पिको यांच्या गटाने एक प्रयोग केला. उंदराची पिल्लं आईचं दूध पीत होतीच, त्यांना रोज वरून थेंबाथेंबाने तोंडात लेप्टिन पाजलं, दुधातून एरवी मिळतं त्याच्या साधारण ५ पट. दूध तुटल्यावर काहीच दिलं नाही. तीच पिल्लं मोठी झाल्यावर कमी खात होती, अंगावर चरबी कमी होती आणि चरबीयुक्त खाणं समोर ठेवलं तरी बाकीच्यांइतकी जाड झाली नाहीत.

उलट बाजूचा पुरावा पण आहे. २०१४ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात आईला फक्त पाजण्याच्या काळात चरबीयुक्त आहार दिला, गरोदरपणात नाही, तरीही पिल्लांच्या हायपोथॅलॅमसमधली जोडणी बिघडली आणि त्यात इन्सुलिनच्या सिग्नलचा हात होता असं दिसलं. आणि आई बदलून पाहिलं तेव्हाही तेच, म्हणजे सहजासहजी लठ्ठ न होणाऱ्या जातीची पिल्लं लठ्ठ आईला पाजायला दिली तर पुढे चरबीयुक्त खाण्यावर ती जास्त जाड झाली आणि त्यांच्यात इन्सुलिन रेझिस्टन्स आला, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देईना.

हे सगळं उंदरांचं झालं. माणसाच्या बाळात यातलं बरंचसं काम पोटात असतानाच, शेवटच्या तिमाहीत होऊन जातं आणि उरलेलं जन्मानंतर चालू राहतं. त्यामुळे उंदराचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून आपल्या बाळाला लावू नका, इंटरनेटवर हा घोटाळा रोज चालतो.

मग माणसांमध्ये काय दिसलंय?

लेप्टिनचं चित्र त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. आईचं वजन जास्त तर दुधात लेप्टिन जास्त, हे जवळपास प्रत्येक अभ्यासात दिसतं. आणि दुधात लेप्टिन जास्त असलेल्या बाळांचं वजन पहिल्या वर्ष-दोन वर्षांत जरा कमी वाढलं असंही बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, सगळ्यात नाही. ॲडिपोनेक्टिनचं मात्र उलटसुलट आहे. पहिल्या ६ महिन्यांत ते जास्त मिळालेली बाळं सडपातळ होती, पण दुसऱ्या एका अभ्यासात ते जास्त मिळालेली बाळं २ वर्षांच्या वयात जास्त वजनाची निघाली. इन्सुलिनबद्दलही एकमत नाहीये.

अडचण अशी आहे की दुधातलं लेप्टिन, आईचं वजन, घरातलं खाणं, जीन्स, सगळं एकमेकात गुंतलेलं असतं. उंदरांमध्ये आई बदलता येते, माणसांत नाही. त्यामुळे 'संबंध दिसला' आणि 'यामुळे झालं' यातला फरक धरून ठेवा, विशेषतः कोणी तुम्हाला घाबरवणारा मेसेज फॉरवर्ड केला तर.

माझं वजन जास्त आहे. माझं दूध बाळासाठी वाईट आहे का?

नाही. हा प्रश्न किती आया मनातल्या मनात विचारत असतात आणि कोणाला बोलून दाखवत नाहीत, म्हणून अगदी सरळ सांगते, नाही.

तुमच्या दुधात लेप्टिन आणि इन्सुलिन जास्त असण्याची शक्यता आहे, बरोबर. पण जास्त लेप्टिन बाळाला अपायकारक आहे असं माणसांत कुठे सिद्ध झालेलं नाही, उलट वर लिहिलं तसं बरेच अभ्यास दुसऱ्याच दिशेला जातात. दुधातली बाकीची सगळी संपत्ती, अँटिबॉडीज, आतड्यातल्या चांगल्या जंतूंना पोसणाऱ्या साखरा, ती कुठेही गेलेली नाही.

जास्त वजन असलेल्या आयांची खरी अडचण वेगळीच असते आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. चीक संपून भरपूर दूध उतरायला त्यांना उशीर होऊ शकतो. २००४ मध्ये कॅथलीन रासमुसेन यांच्या अभ्यासात दिसलं की बाळ ओढायला लागल्यावर प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं हार्मोन, जसं वर जायला हवं तसं या आयांमध्ये पहिल्या आठवड्यात जात नाही. आता बाहेरून हे कसं दिसतं बघा, तिसरा दिवस उजाडलाय, छाती अजून भरल्यासारखी वाटत नाही, बाळ रडतंय, बाजूला बसलेलं कोणीतरी म्हणतं 'हिला दूधच नाही', आणि बाटली येते. बाटली आली की ओढणं कमी, ओढणं कमी झालं की प्रोलॅक्टिन अजून कमी. म्हणजे मदत जर कुठे हवी असेल तर ती या ४-५ दिवसांत हवी: जन्मल्यावर पहिल्या तासात छातीशी लावणं, त्वचेला त्वचा लागून ठेवणं, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं, बाळ नीट पकडतंय का हे जाणकार माणसाकडून बघून घेणं. लघवी कमी होत असेल, बाळ सुस्त असेल किंवा वजन फार उतरत असेल तर डॉक्टर वरचं दूध सुचवतील, ते द्या, आणि सोबत ओढणं चालू ठेवा.

गरोदरपणात मला डायबेटीस होता. मी पाजू का?

पाजा. या प्रश्नावर गोंधळ झाला त्याचं कारण २००२ चा बर्लिनचा एक अभ्यास. डायबेटीस असलेल्या आईचं दूध पहिल्या आठवड्यात जास्त प्यायलेल्या बाळांचं वजन २ वर्षांच्या वयात जरा जास्त दिसलं होतं, आणि ते बरंच पसरलं. पण त्याआधी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या पिमा समाजात, जिथे टाइप २ डायबेटीस खूप जास्त आहे, पहिले २ महिने फक्त आईचं दूध प्यायलेल्यांना मोठेपणी टाइप २ डायबेटीस कमी झालेला दिसला होता. आणि २०११ मध्ये कोलोरॅडोतून आलं की पोटात असताना आईच्या वाढलेल्या शुगरला सामोरं गेलेल्या मुलांमध्ये जी जास्तीची चरबी दिसते ती ६ महिने किंवा जास्त पाजलेल्यांमध्ये बरीच कमी असते. माझं मत विचाराल तर या बाजूचं पारडं जड आहे.

आणि यात आईचा फायदा कोणी सांगतच नाही! गरोदरपणात डायबेटीस झालेल्या साधारण हजार बायकांवर कॅलिफोर्नियात अभ्यास झाला, २०१५ मध्ये निकाल आला, ज्यांनी पूर्णपणे अंगावर पाजलं त्यांना पुढच्या २ वर्षांत टाइप २ डायबेटीस होण्याचं प्रमाण अजिबात न पाजणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्म्यावर होतं. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत स्वतःची शुगर टेस्ट करायची असते, ती बाळाच्या गडबडीत राहून जाते, ती राहू देऊ नका.

मी इन्सुलिन घेते. ते दुधातून जाऊन बाळाची शुगर उतरेल का?

नाही, इन्सुलिन सगळ्याच आयांच्या दुधात असतं. मेटफॉर्मिन (डायबेटीसची गोळी) दुधात अगदी थोडं उतरतं, पाजताना ते चालतं. तुमची स्वतःची शुगर मात्र पाजताना उतरू शकते, म्हणून शेजारी काहीतरी खायला ठेवा आणि डोस डॉक्टरांकडून परत बघून घ्या.

मी सतत टेन्शनमध्ये असते, स्ट्रेसचे हार्मोन दुधातून जातात म्हणे?

कॉर्टिसॉल जातं, हो. पण ते स्ट्रेस नसलेल्या आईच्या दुधातही असतंच आणि दिवसभरात वर-खाली होतं, पहाटे-सकाळी जास्त, रात्री कमी. ऱ्हीसस माकडांवर केटी हाइंड यांनी काम केलंय, त्यात दुधात कॉर्टिसॉल जास्त असलेल्या आयांची पिल्लं वजनाने भराभर वाढली आणि स्वभावाने जास्त घाबरट निघाली. माणसांत २०१६ मध्ये नेमकं उलटं दिसलं, दुधात कॉर्टिसॉल जास्त तर २ वर्षांपर्यंत बाळाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) कमी वाढला. म्हणजे यावरून कोणत्याही आईला 'तू टेन्शन घेतेस म्हणून बाळावर परिणाम होतोय' असं म्हणायला काडीचा आधार नाही. तुम्हाला सतत रडू येत असेल, झोप लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं असेल तर मदत घ्या, पण ती तुमच्यासाठी घ्या, दुधासाठी नाही. पाजत असताना चालतील अशी औषधं आहेत.

रात्री काढून ठेवलेलं दूध दिवसा दिलं तर चालतं का?

चालतं. रात्रीच्या दुधात मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन असतं, दिवसाच्या दुधात जवळपास नसतं, त्यामुळे जमत असेल तर बाटलीवर पट्टी चिकटवून तारखेसोबत वेळही लिहा, 'रात्री २' वगैरे, आणि रात्रीचं रात्री द्या. नाही जमलं तर सोडून द्या, यासाठी दूध ओतून टाकणं हा शुद्ध अन्याय आहे, स्वतःवरच.

फॉर्म्युलामध्ये हे हार्मोन्स नसतात, मग माझ्या बाळाचं काय?

लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन फॉर्म्युलात नसतं म्हटलं तरी चालेल. पण फॉर्म्युला आणि पुढचं वजन यांच्यातला सगळ्यात पक्का पुरावा हार्मोन्सचा नाहीच, प्रथिनांचा आहे. आईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे साधारण १ ग्रॅम प्रथिनं असतात. युरोपातल्या ५ देशांत काही बाळांना जास्त प्रथिनांचा आणि काहींना कमी प्रथिनांचा फॉर्म्युला दिला, कोणाला कुठला हे चिठ्ठी टाकून ठरवल्यासारखं, त्यामुळे पुरावा मजबूत. ६ वर्षांच्या वयात जास्त प्रथिनवाल्या गटात लठ्ठपणाची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. जास्त प्रथिनं आली की बाळाच्या शरीरात इन्सुलिन आणि आयजीएफ-१ वाढतं आणि वजन भराभर वाढतं, म्हणजे हार्मोन्स आलेच, फक्त बाळाचे स्वतःचे.

तेव्हा वरचं दूध देत असाल तर दोन गोष्टी: डॉक्टरांना विचारून प्रथिनं कमी असलेला, वयाला योग्य असा फॉर्म्युला घ्या, आणि डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा एक चमचाही जास्त पावडर टाकू नका. 'घट्ट केलं की बाळ जास्त झोपतं' हे ऐकूच नका.

काढलेलं आईचं दूध बाटलीने दिलं तर फायदा तितकाच का?

बराचसा तोच, पण अगदी तितकाच नाही. २०१८ मध्ये कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात थेट छातीवर पिणाऱ्या बाळांचा बीएमआय १ वर्षाच्या वयात काढलेलं दूध पिणाऱ्यांपेक्षा कमी होता, आणि फॉर्म्युलावाल्यांचा सगळ्यात जास्त. आणि त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेत दिसलं होतं की लहानपणी जास्त वेळा बाटलीने पिणारी बाळं, बाटलीत काहीही असो, आईचं दूध का असेना, नंतर बाटली किंवा कप पूर्ण संपवायची सवय लागलेली असतात. कारण छातीवर किती उरलंय हे कोणालाच दिसत नाही, बाटलीत ते दिसतं आणि 'एवढंसंच राहिलंय' म्हणून आपण पाजत बसतो.

म्हणून बाळाकडे बघा, बाटलीच्या आकड्यांकडे नको. भुकेल्या बाळाच्या मुठी घट्ट मिटलेल्या असतात, पोट भरत आलं की हळूहळू उघडतात, ओढणं मंदावतं, मध्ये थांबतं, निपल सैल सोडतं, तोंड फिरवतं. तोंड फिरवलं की संपलं. बाळाला थोडं उभं धरा, बाटली आडवी धरा, मधेमधे थांबा. उरलेलं ३० मिली गेलं तर जाऊ दे.

अंगावर पाजलं की मूल पुढे लठ्ठ होत नाही, हे खरं ना?

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. निरीक्षणाचे अभ्यास गोळा केले, २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, तेव्हा आईचं दूध जास्त काळ मिळालेल्यांमध्ये जास्त वजनाची शक्यता २६ टक्क्यांनी कमी दिसली, फक्त चांगल्या दर्जाचे अभ्यास घेतले तर १३ टक्के. पण या विषयावरचा सगळ्यात मोठा प्रयोग बेलारूसमध्ये झाला, १९९६-९७ मध्ये, ३१ हॉस्पिटलं, १७ हजारांवर बाळं. अर्ध्या हॉस्पिटलांत आयांना पाजण्यासाठी भरपूर मदत दिली. ३ महिन्यांच्या वयात फक्त आईचं दूध पिणारी बाळं तिथे ४३ टक्के होती, दुसरीकडे ६ टक्के, केवढा फरक! आणि तरी साडेअकरा वर्षांच्या वयात वजनात, लठ्ठपणात काही फायदा दिसला नाही.

यावर माझं म्हणणं असं की हा निकाल लपवून ठेवू नये. त्यात एक मुद्दा लक्षात घ्यायला हवा, तिथल्या सगळ्याच आयांनी पाजायला सुरुवात केली होती, म्हणजे तुलना जास्त पाजणं आणि कमी पाजणं यांची होती, पाजणं आणि अजिबात न पाजणं यांची नाही. तरी लठ्ठपणापासून संरक्षण हे पाजण्याचं मुख्य कारण म्हणून सांगू नये. त्याच प्रयोगात पहिल्या वर्षात पोटाचे संसर्ग आणि एक्झिमा (त्वचेवरची खाज-पुरळ) कमी झाले, साडेसहा वर्षांच्या वयात बुद्धिमत्तेच्या चाचणीत मुलं पुढे होती. कारणं भरपूर आहेत, जे पक्कं नाही ते विकायची गरजच नाही.

पाजत असताना वजन कमी करू का? व्यायामाने दूध बदलतं?

हळूहळू केलं तर काही हरकत नाही. २००० मध्ये अमेरिकेत जास्त वजनाच्या पाजणाऱ्या आयांनी आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन कमी केलं, व्यायाम आणि आहार दोन्ही सांभाळून, बाळांच्या वाढीत काहीच फरक पडला नाही. आणि नॉर्वेतल्या एका छोट्या प्रयोगात जोरदार व्यायामानंतर तासाभराने दुधातलं ॲडिपोनेक्टिन वाढलेलं दिसलं. याचा बाळाला पुढे उपयोग होतो का हा वेगळा विषय, पण व्यायामाने दूध 'खराब' होतं हे तर नक्कीच खोटं. क्रॅश डाएट मात्र नको.

दुधातले हार्मोन्स टेस्ट करून घेता येतात का? लेप्टिनच्या सप्लिमेंट मिळतात ना?

करू नका, आणि घेऊ नका. सकाळचं-रात्रीचं, पहिल्या महिन्याचं-चौथ्या महिन्याचं दूध वेगळं असतं, इतकं असलं म्हणजे नॉर्मल असा आकडा कुठे ठरलेलाच नाही, रिपोर्ट हातात घेऊन करणार काय? बाळाला कुठलाही हार्मोन वरून द्यायचा प्रश्नच येत नाही.

गर्भनिरोधक गोळ्या?

फक्त प्रोजेस्टिनवाल्या चालतात. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, पहिले ६ महिने त्या सहसा टाळतात.

बाळ फक्त अंगावर पितं आणि खूप गुटगुटीत आहे, काळजी करू?

फक्त आईच्या दुधावरची बाळं पहिले २-३ महिने भराभर वाढतात आणि मग वेग कमी होतो, दुसऱ्या सहामाहीत ती फॉर्म्युलावरच्या बाळांपेक्षा सडपातळ दिसायला लागतात. पहिल्या टप्प्यात लोक म्हणतात फार जाड आहे, दुसऱ्या टप्प्यात तेच लोक म्हणतात वाळलं, दूध पुरत नाही! २००६ चे जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते ६ देशांतल्या आईच्या दुधावर वाढलेल्या बाळांवरून बनवलेत, तुमच्या डॉक्टरांकडे तेच वापरतात ना ते बघा. एका दिवसाच्या वजनावरून काही कळत नाही, रेष कुठल्या दिशेने चाललीये ते बघायचं, म्हणून प्रत्येक वेळी जुन्या नोंदी सोबत न्या, आणि वजनाबरोबर उंचीही मोजायला सांगा, ती बऱ्याचदा राहून जाते.